तांबड्या रक्तपेशींवर रसायनांची प्रक्रिया: प्रयोग कसा मांडावा, निष्कर्ष कसा वाचावा

नाशिकमध्ये फार्मसी, जीवरसायनशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत मानवी तांबड्या रक्तपेशी वारंवार येतात. कुणाला वनस्पतीच्या अर्काचा दाहशामक गुण तपासायचा असतो, कुणाला नॅनोकणांमुळे रक्तपेशी फुटतात का हे पाहायचे असते, तर रक्तपेढीत काम करणाऱ्याला पपेन (पपईतील एंझाइम) किंवा डीटीटी (प्रथिनांतील बंध तोडणारे रसायन) वापरून रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंड ओळखायचे असते. कामे वेगळी असली तरी चूक बहुधा एकाच ठिकाणी होते. रसायनाने पेशीतील आपल्याला हवी तेवढीच गोष्ट बदलली असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात ते रसायन त्याबरोबर आणखीही काही बदलून गेलेले असते. म्हणून कोणते रसायन काय करते आणि त्याने तेवढेच केले याची खात्री कशी करावी, या दोन्ही गोष्टी पुढे सोबतच सांगितल्या आहेत.

पेशीची घडण

मानवी तांबडी पेशी सुमारे 7 ते 8 मायक्रोमीटर व्यासाची, दोन्ही बाजूंनी मध्यभागी खोलगट असलेली चकती असते. तिच्यात केंद्रक नसते आणि मायटोकाँड्रियाही नसतात, त्यामुळे ऊर्जेसाठी ती पूर्णपणे ग्लुकोजच्या विघटनावर अवलंबून असते. तिचे आकारमान साधारण 90 फेम्टोलीटर असते. याच पृष्ठभागाच्या गोलात त्याहून बरेच जास्त पाणी मावू शकते, आणि हे जादा पृष्ठफळ हाती असल्यामुळेच पेशी काही मर्यादेपर्यंत फुगूनही फुटत नाही. रसायनांचे जवळजवळ सर्व परिणाम चारपैकी कोणत्या तरी ठिकाणी घडतात: आतील हिमोग्लोबिनवर, पटलाच्या दोन मेदथरांवर, पटलाखालील स्पेक्ट्रिन या प्रथिनाच्या जाळीवर किंवा बाहेरच्या बाजूस असलेल्या प्रथिनांवर आणि शर्करासाखळ्यांवर. आपले रसायन यांपैकी कुठे काम करणार आहे, हे प्रयोगाआधी वहीत लिहून ठेवावे. ते लिहिता येत नसेल तर प्रयोग सुरू करण्याची घाई करू नये.

नमुना आणि धुणे

मानवी रक्त वापरण्यापूर्वी संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आणि रक्त देणाऱ्याची लेखी संमती घ्यावी. वर्गमित्राच्या बोटातून रक्त घेण्याची पद्धत कितीही रुळलेली असली तरी ती या नियमाला अपवाद ठरत नाही. रक्त हाताळणाऱ्या प्रत्येकाने हेपॅटायटिस-बीची लस घेतलेली असावी. रक्तदात्याने आधीचे दोन आठवडे ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके घेतलेली नसावीत, ही अट दाहशामक चाचण्यांत नेहमी पाळली जाते.

परासरणाशी (पटलातून पाणी आत-बाहेर जाण्याशी) संबंधित चाचणीसाठी हेपरिन घातलेले रक्त चांगले, कारण रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीए आणि सायट्रेट यांचे क्षार द्रावणाच्या तीव्रतेत भर घालतात. रक्तपेढीतून मुदत संपत आलेली किंवा संपलेली पिशवी मिळाली तर तिच्यातील पेशी ताज्या पेशींसारख्या समजू नयेत. रक्त टिकवणाऱ्या सीपीडीए-1 या द्रावणातील रक्त 35 दिवस आणि एसएजीएम द्रावणातील पेशी 42 दिवस ठेवता येतात. पण त्या काळात 2,3-डीपीजी (हिमोग्लोबिनला ऑक्सिजन सोडायला मदत करणारा रेणू) घटते, पोटॅशियम बाहेर पडते आणि बऱ्याच पेशींना काटे फुटतात. अशा पेशींवर रसायन टाकले तर साठवणुकीचा परिणाम कोणता आणि रसायनाचा कोणता, हे नंतर वेगळे करता येत नाही.

रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचा प्लाझ्मा आणि त्याखालील पांढऱ्या पेशींचा पातळ थर पिपेटने काढून टाकावा. मग पीएच 7.4 असलेल्या फॉस्फेट बफर सलाईनने पेशी तीन वेळा धुवाव्यात. शेवटच्या धुण्यानंतर वरचा द्रव रंगहीन दिसला पाहिजे. तो गुलाबी असेल तर पेशी आधीच दुखावल्या आहेत आणि त्या वापरू नयेत. तासाभराहून जास्त चालणाऱ्या प्रयोगात बफरमध्ये 5 मिलीमोलर ग्लुकोज घालावे, नाहीतर पेशी उपाशी राहून स्वतःहूनच बदलू लागते.

नाशिककरांनी तापमानाकडे विशेष लक्ष द्यावे. पुस्तकातील कृतीत ‘खोलीच्या तापमानाला 30 मिनिटे ठेवा’ असे लिहिलेले असते; परंतु इथल्या जानेवारीतील सकाळ आणि मे महिन्यातील दुपार यांत खोलीचे तापमान सहज 20 अंशांनी बदलू शकते. निफाडची थंडी तर दरवर्षी बातम्यांत असते. एंझाइमची आणि ऑक्सिडीकरणाची क्रिया एवढ्या फरकाने कितीतरी मंदावते किंवा वेगावते. त्यामुळे सर्व नळ्या वॉटर बाथमध्ये ठरावीक अंशावर ठेवाव्यात आणि तो अंश नोंदवावा.

आधी पाया: पेशी फुटण्याची आलेखरेषा

कोणतेही रसायन वापरण्यापूर्वी प्रक्रिया न केलेल्या पेशींची परासरण-भंगुरता मोजून ठेवावी. बफरयुक्त मिठाच्या द्रावणांची 0.9 टक्क्यांपासून 0.1 टक्क्यापर्यंत उतरती मालिका करावी, प्रत्येक नळीत सारख्याच प्रमाणात पेशी घालाव्यात, अर्धा तास ठेवून सेंट्रिफ्यूज करावे आणि वरच्या द्रवाचे प्रकाशशोषणाचे रीडिंग 540 नॅनोमीटरवर घ्यावे. निरोगी व्यक्तीच्या पेशी साधारण 0.45 ते 0.50 टक्क्यांच्या आसपास फुटू लागतात आणि 0.30 ते 0.35 टक्क्यांपर्यंत सर्व फुटलेल्या असतात. आनुवंशिक गोलपेशी विकारात ही रेषा जास्त तीव्रतेकडे सरकते. थॅलॅसेमियात आणि लोहाच्या कमतरतेत ती उलट दिशेने जाते. रक्तदात्याला अशी काही अवस्था असेल तर ती इथेच लक्षात येते.

हिमोलिसिसची (पेशी फुटण्याची) टक्केवारी काढताना नमुन्याच्या रीडिंगमधून फक्त बफरच्या नळीचे रीडिंग वजा करावे, शंभर टक्के फुटलेल्या नळीतूनही तेच वजा करावे, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागून शंभराने गुणावे. शंभर टक्क्यांच्या नळीत ऊर्ध्वपातित पाणी किंवा ट्रायटन एक्स-100 वापरतात. वैद्यकीय साहित्याच्या चाचणीसाठीच्या एएसटीएम एफ-756 या मानकात 2 टक्क्यांपेक्षा कमी हिमोलिसिस असलेला पदार्थ निर्धोक, 2 ते 5 टक्के असलेला किंचित हानिकारक आणि 5 टक्क्यांपुढचा पेशी फोडणारा मानला जातो.

ऑक्सिडीकरण करणारी रसायने

सोडियम नायट्राइट हिमोग्लोबिनमधील लोहाला दोन धनभारांवरून तीन धनभारांवर नेते आणि मेथहिमोग्लोबिन तयार होते. रक्त चॉकलेटी दिसू लागते आणि 630 नॅनोमीटरच्या आसपास नवे शोषणशिखर उगवते. पेशीकडे हे उलटवणारे स्वतःचे एंझाइम असते आणि त्याला लागणारे एनएडीएच ग्लुकोजच्या विघटनातून मिळते. म्हणून नायट्राइट धुऊन टाकल्यावर ग्लुकोज दिले की पेशी हळूहळू सावरते. विद्यार्थ्यांनी हा प्रयोग जरूर करावा, कारण तांबडी पेशी म्हणजे हिमोग्लोबिनची निर्जीव पिशवी नव्हे हे त्यात डोळ्यांनी दिसते.

फेनिलहायड्रॅझिन यापेक्षा खोल घाव घालते. त्याने हिमोग्लोबिन विघटित होऊन पटलाच्या आतल्या बाजूला त्याचे गोळे, म्हणजे हाइन्झ कण, चिकटतात. नेहमीच्या लेशमन रंगात हे कण दिसत नाहीत; त्यासाठी क्रिस्टल व्हायोलेट किंवा ब्रिलियंट क्रेसिल ब्ल्यू वापरावा लागतो. जी-6-पीडी या एंझाइमची कमतरता असलेल्या पेशीत ऑक्सिडीकरणापासून वाचवणाऱ्या ग्लुटाथिओनचा साठा लवकर संपतो, म्हणून अशा पेशींत अनेक छोटे कण दिसतात, तर निरोगी पेशींत मोजकेच. डायमाइड हे रसायन प्रथिनांतील गंधकयुक्त थायॉल गटांना एकमेकांत बांधून स्पेक्ट्रिनची जाळी ताठर करते. पेशी बाहेरून फारशी बदललेली वाटत नाही, पण अरुंद केशिकेतून जाण्याची तिची लवचिकता गेलेली असते.

इथे रीडिंगचा एक धोका आहे. ऑक्सिडीकरण झालेल्या हिमोग्लोबिनचे शोषण 540 नॅनोमीटरवर पूर्वीइतके राहत नाही. त्यामुळे पेशी फुटूनही रीडिंग कमी येऊ शकते आणि ‘हिमोलिसिस झालेच नाही’ असा उलटा निष्कर्ष निघू शकतो. शंभर टक्क्यांच्या नळीतही तेच रसायन तितकाच वेळ घालून ठेवावे, म्हणजे तुलना सारख्यांची होते. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या प्रयोगात पेशीतील कॅटालेज ते क्षणार्धात फोडते, म्हणून कॅटालेज रोखण्यासाठी सोडियम ॲझाइड घालतात; मग ॲझाइडमुळे काय होते हे दाखवणारी वेगळी नळी हवी.

ऑक्सिजन काढून घेणारी रसायने आणि सिकल पेशी

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवण या आदिवासीबहुल तालुक्यांमुळे नाशिकमधील प्रयोगशाळांना हा भाग ओळखीचा असायला हवा. सिकल हिमोग्लोबिनमध्ये बीटा साखळीच्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन असते, आणि ऑक्सिजन निघून गेला की त्याचे लांब तंतू जुळून पेशी विळ्याच्या आकाराची होते. 2 टक्के सोडियम मेटाबायसल्फाइटचा थेंब रक्ताच्या थेंबात मिसळून, कव्हरस्लिपच्या कडा व्हॅसलिनने बंद करून, तासाभरापर्यंत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की हा बदल दिसतो. द्रावण त्याच दिवशी बनवलेले असावे, कारण ते हवेत निकामी होते आणि निकामी द्रावण सर्वांनाच निरोगी ठरवते. प्रत्येक वेळी ज्ञात सिकल नमुना आणि ज्ञात निरोगी नमुना सोबत ठेवावा.

विद्राव्यता चाचणीत सॅपोनिन पेशी फोडते आणि सोडियम डायथायोनाइट हिमोग्लोबिनचा ऑक्सिजन काढून घेते. द्रावण गढूळ झाले तर सिकल हिमोग्लोबिन आहे असे समजते. मात्र या दोन्ही चाचण्यांतून वाहक आणि रुग्ण यांतला फरक कळत नाही, आणि सहा महिन्यांखालील बाळात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन जास्त असल्याने त्या फसवू शकतात. नेमके निदान इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीनेच करावे. ज्या कुटुंबाला या निकालावर लग्नाचा आणि मुलाबाळांचा विचार करायचा आहे, त्याच्या हातात अर्धवट चाचणीचा कागद देणे योग्य नाही.

आकार बदलणारी रसायने

सॅलिसिलेटसारखे ऋणभारित द्विगुणी (पाणी आणि मेद दोन्हींत रमणारे) रेणू पटलाच्या बाहेरच्या मेदथरात शिरतात, बाहेरचा थर पसरतो आणि पेशीवर काटे उगवतात. क्लोरप्रोमाझिनसारखे धनभारित रेणू आतल्या थरात जमतात आणि पेशी वाटीसारखी आत वळते. शीट्झ आणि सिंगर यांनी 1974 मध्ये मांडलेली ही दोन थरांची कल्पना आजही या प्रयोगांचा आधार आहे. पण नुसत्या स्वच्छ काचेच्या स्लाइडवरही अल्ब्युमिन नसलेल्या पेशींना काटे येतात, कारण काचेजवळ पीएच वाढते. म्हणून पाहण्याच्या बफरमध्ये थोडे अल्ब्युमिन घालावे किंवा प्लास्टिकची कव्हरस्लिप वापरावी. आणि रसायन न घातलेली स्लाइड आधी पाहिल्याशिवाय काट्यांचे श्रेय रसायनाला देऊ नये.

रक्तपेढीतील प्रक्रिया: पपेन आणि डीटीटी

पपईतून मिळणारे पपेन, अननसातील ब्रोमेलेन आणि अंजीरवर्गातील फायसिन ही एंझाइमे पेशीच्या पृष्ठभागावरील सियालिक आम्लयुक्त प्रथिनांचे तुकडे कापून टाकतात. ऋणभार घटतो, पेशी एकमेकींच्या जवळ येऊ शकतात आणि आरएच, किड, लुईस या रक्तगटांची प्रतिपिंडे ठळकपणे दिसू लागतात. त्याच वेळी एम, एन आणि डफी गटांची प्रतिजने (प्रतिपिंड जिथे चिकटते ती लक्ष्ये) नष्ट होतात. म्हणजे एंझाइमने प्रक्रिया केलेल्या पेशींवर प्रतिक्रिया आली नाही, याचा अर्थ प्रतिपिंड नाही असा होत नाही. कदाचित त्याचे लक्ष्यच आपण कापून टाकलेले असते. प्रक्रिया न केलेल्या पेशींचे पॅनेल नेहमी सोबत लावावे, आणि एंझाइम जास्त वेळ राहिले तर पेशी स्वतःहूनच गोळा होतात, म्हणून निष्क्रिय (प्रतिपिंड नसलेल्या) सिरमची नळीही ठेवावी.

डीटीटी प्रथिनांतील डायसल्फाइड बंध तोडते. बहुविध मायलोमा या कर्करोगाच्या रुग्णाला डाराटुमुमॅब हे प्रतिपिंड-औषध दिले जाते तेव्हा ते तांबड्या पेशींवरील सीडी-38 या प्रथिनाला चिकटते आणि अप्रत्यक्ष अँटिग्लोब्युलिन चाचणीत प्रत्येक पेशी सकारात्मक दिसते. अशा वेळी पीएच 8.0 असलेल्या 0.2 मोलर डीटीटीमध्ये चाचणीच्या पेशी 37 अंशांवर 30 ते 45 मिनिटे ठेवून नीट धुतल्या की सीडी-38 ची घडी मोडते आणि खरे प्रतिपिंड दिसू शकते. पण केल गटाची प्रतिजनेही याच बंधांवर उभी असल्याने तीही जातात. याचाच उपयोग कंट्रोल म्हणून करावा: केल सकारात्मक पेशी प्रक्रियेनंतर नकारात्मक झाली पाहिजे, आणि आरएच-ई सकारात्मक पेशी तशीच सकारात्मक राहिली पाहिजे. पहिली अट पूर्ण झाली नाही तर डीटीटी निकामी, दुसरी झाली नाही तर पेशी खराब. केल प्रतिपिंड तपासताच येत नसल्याने अशा रुग्णाला केल नकारात्मक रक्त देतात.

पेशी पक्की करणारी रसायने, आणि अर्कांच्या चाचणीतील खरा प्रश्न

ग्लुटराल्डिहाइड प्रथिनांना एकमेकांशी कायमचे जोडते. त्याने पक्की केलेली पेशी ऊर्ध्वपातित पाण्यात टाकली तरी फुटत नाही. टॅनिक आम्लही प्रथिनांना बांधते. बाभळीच्या सालीतील टॅनिनने कातडे कमावले जाते तशीच ही क्रिया आहे. बॉयडेन यांनी 1951 मध्ये अतिशय विरल टॅनिक आम्लाने प्रक्रिया केलेल्या पेशींवर इतर प्रथिने चिकटवून प्रतिपिंड शोधण्याची पद्धत दिली.

आता नाशिकमधील प्रकल्पांत फार लोकप्रिय असलेली मानवी तांबड्या पेशींच्या पटल-स्थैर्याची चाचणी पाहावी. द्राक्षबिया, डाळिंबाची साल, हिरडा किंवा एखाद्या रानभाजीचा अर्क 0.36 टक्के मिठाच्या द्रावणात पेशींबरोबर ठेवतात, डायक्लोफेनॅकशी तुलना करतात, 560 नॅनोमीटरवर रीडिंग घेतात आणि हिमोलिसिस कमी आले की अर्क दाहशामक आहे असे लिहितात. तांबड्या पेशीचे पटल लायसोसोमच्या (पेशीतील पाचक एंझाइमांच्या पिशवीच्या) पटलासारखे असते, हे त्यामागचे तर्कशास्त्र. माझ्या मते एवढ्यावर दाहशामक गुणाचा दावा करणे चुकीचे आहे, आणि त्याची कारणे प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः तपासून पाहण्याजोगी आहेत.

पहिले कारण परासरणाचे आहे. 0.36 टक्के मीठ म्हणजे सुमारे 62 मिलीमोलर, आणि सोडियम व क्लोराइड वेगळे झाल्याने सुमारे 123 मिलीऑस्मोल. अर्कात सुक्रोजसारखी पटलातून आत न जाणारी साखर असेल आणि मिश्रणातील तिची अंतिम तीव्रता मिलीलीटरला 10 मिलीग्रॅम असेल, तर तीच सुमारे 29 मिलीऑस्मोलची भर घालते. बेरीज 152 होते, म्हणजे जवळजवळ 0.44 टक्के मिठाइतकी. आणि त्या तीव्रतेला निरोगी पेशी जेमतेम फुटू लागलेल्या असतात. अशा रीतीने नुसती साखरही ‘पटल स्थिर करणारी’ ठरेल. वनस्पतींच्या अर्कात पोटॅशियमचे क्षारही भरपूर असतात. त्यामुळे अर्क मिसळल्यानंतरच्या द्रावणाची परासरण-तीव्रता ऑस्मोमीटरवर मोजावी, आणि तेवढ्याच तीव्रतेचे, अर्काऐवजी मीठ घालून बनवलेले कंट्रोल ठेवावे. ऑस्मोमीटर नसेल तर निदान त्याच वजनाच्या सुक्रोजची नळी लावावी.

दुसरे कारण टॅनिनचे. द्राक्षबिया, डाळिंबाची साल आणि हिरडा हे तिन्ही टॅनिनने समृद्ध आहेत. टॅनिन पेशीला पक्की करू शकते, आणि फुटलेल्या पेशीतून आलेले हिमोग्लोबिन अवक्षेपित करून तळाशीही नेऊ शकते. दोन्ही प्रसंगी वरचा द्रव फिका दिसतो. ओळखण्याचा उपाय सोपा आहे. अर्काने प्रक्रिया केलेल्या पेशी धुऊन ऊर्ध्वपातित पाण्यात टाकाव्यात. त्या फुटत नसतील तर त्यांचे रक्षण झाले नाही, त्या पक्क्या झाल्या आहेत. शिवाय आधीच फोडलेल्या पेशींच्या द्रावणात अर्क घालून, सेंट्रिफ्यूज करून रीडिंग घ्यावे; ते घसरले तर हिमोग्लोबिन अर्कामुळे खाली बसले आहे. अर्काचा स्वतःचा रंग वजा करण्यासाठी पेशीविरहित अर्काची नळी तर हवीच.

तिसरे कारण डायक्लोफेनॅकसारख्या तुलनेच्या औषधालाही लागू पडते. क्लोरप्रोमाझिन, भूल देणारी औषधे असे अनेक मेदस्नेही रेणू कमी मात्रेत पटलाचे पृष्ठफळ किंचित वाढवून परासरणी फुटण्यापासून पेशीला वाचवतात आणि जास्त मात्रेत तिलाच फोडतात, हे सीमन यांच्या 1960 नंतरच्या दशकातील कामापासून माहीत आहे. हा गुण दाहशामक औषधांपुरता मर्यादित नाही. म्हणून एका मात्रेवर न थांबता मात्रांची रुंद मालिका घ्यावी आणि समपरासारी (पेशीइतक्याच परासरण-तीव्रतेच्या) 0.9 टक्के सलाईनमध्येही तोच अर्क तपासावा, म्हणजे तो स्वतः पेशी फोडतो का हे कळते. या सर्व नळ्या लावूनही हिमोलिसिस कमी येत असेल तर ‘अर्काने या परिस्थितीत परासरणी हिमोलिसिस कमी केले’ एवढेच लिहावे. दाहाविषयी बोलायचे तर सायक्लोऑक्सिजनेजसारख्या दाहमार्गावरचे वेगळे प्रयोग करावेत.

काम संपल्यावर

रक्त लागलेल्या नळ्या आणि टिप्स 1 टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये किमान अर्धा तास ठेवून 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार रंगांच्या पिशव्यांत टाकाव्यात. सुया पांढऱ्या, न भोसकता येणाऱ्या डब्यात जातात. ग्लुटराल्डिहाइड आणि फेनिलहायड्रॅझिन धूरकपाटातच उघडावे आणि त्यांचा उरलेला द्रव वेगळ्या, नाव लिहिलेल्या बाटलीत जमा करावा. सोडियम ॲझाइड बेसिनमध्ये कधीही ओतू नये, कारण तांब्याच्या किंवा शिशाच्या नळात ते स्फोटक संयुगे बनवते. आम्लाशी संपर्क आल्यास त्यातून विषारी वायू निघतो, आणि हायपोक्लोराइटमध्येही ते मिसळू नये. त्याची बाटली स्वतंत्र ठेवून रासायनिक कचरा नेणाऱ्या अधिकृत संस्थेकडे द्यावी.